डावीकडची सीट

दुकानात बेअरिंगचा खोका उघडत होतो तेव्हा कळंबहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे संपतचे वडील. एरवी फोनवर ते आधी माझ्या आईची तब्येत विचारणार, मग पाऊसपाणी, मग कामाचं. त्या दिवशी एकदम म्हणाले, "रफीक, संपत गेला रं... उसाच्या ट्रॉलीवर गेली गाडी. इंदापूर रोडला." मी नुसता "काय?" म्हणालो. मग मी विचारलेलं नसताना म्हणाले, "तोच चालवत व्हता. पोरगी शेजारी बसली व्हती. ती हाय, बरी हाय." आणि फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी बेअरिंग दिलं, वर पिशवीही दिली म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही.

आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी माइक लागतो, एका बाजूला विधी चाललेले असतात आणि दुसरीकडं सरपंचापासून कारखान्याच्या संचालकापर्यंत जो तो उठून श्रद्धांजली वाहतो. संपतच्या दहाव्याला नीरेच्या काठावर माणूस मावत नव्हतं. एक पुढारी उठले. संपतला जन्मात कधी भेटले नसतील. घसा साफ करून म्हणाले, "वेग हाच ज्यांचा श्वास होता, त्यांना अखेर वेगानंच आपल्यातून नेलं. तरुणांनी यातून बोध घ्यावा." माना डोलल्या. माझ्या शेजारचा गडी पुटपुटला, "शंभराच्या खाली काटाच येत नसंल त्याचा." असा संताप आला की वाटलं, उठावं आणि तो माइक हिसकावून घ्यावा. पण समोर संपतची लेक ऋतुजा बसली होती. कपाळाला पट्टी, आणि नजर माझ्यावर लागलेली. तिच्याकडं बघून मी गप्प बसलो.

ते गप्प बसणं आता संपलं, म्हणून हा लेख. संपत वेगानं गेला नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मोटारींच्या रॅली-शर्यतीत त्याच्या डावीकडच्या सीटवर मी बसायचो, आणि साध्या रस्त्यावर तो किती रडतखडत गाडी चालवायचा हे माझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही. नाशिकला, कोल्हापूरला शर्यतीला निघालो की एसट्या आम्हाला मागं टाकून जायच्या. एकदा लोणी भापकरजवळ लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो पुढं गेला, त्यातली पोरं आम्हाला हात करत होती. मी वैतागून म्हणालो, "अरे, रेसर ना तू? लाज काढतोस." तर हा शांतपणे म्हणतो, "तितं शर्यतीत समोरून म्हातारी येत न्हाय शेरडं घेऊन. हितं येती." आणि खरंच पुढच्या वळणावर शेळ्या होत्या. मग त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला अजून चिडवते.

त्याची सुरुवात तात्यांच्या ट्रॅक्टरवर झाली. ऊस वाहायचा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली. जत्रेत ट्रॉली उलटी घालायची स्पर्धा असते, दोन्हीकडं बांबू रोवून अरुंद गल्ली करतात आणि त्यातून ट्रॉलीसकट मागं मागं जायचं. बांबू पडला की बाद. संपत मिसरूड फुटायच्या आधीपासून ती जिंकत आला. ओळख तिथलीच. मी बारामतीहून जत्रा बघायला गेलो होतो, आमचं सुट्या भागांचं दुकान, त्यामुळं गाडीतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. याला बघितलं आणि तो समज गळून पडला.

पुढं मोटारसायकल आली. माळावर मातीचे ढीग घालून उड्या मारायच्या शर्यती. त्यात त्यानं चषक कमी आणि प्लॅस्टर जास्त मिळवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगट मोडलं, दर वेळी मी दवाखान्यात डबा घेऊन हजर. तात्या म्हणाले, "रफीक, याला चार चाकांवर तरी बसीव, पडायचा तरी न्हाय." म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक जुनी छोटी गाडी बांधली आणि रॅलीत उतरलो. रॅलीत शेजारी बसणाऱ्याचं काम पुढचं वळण आधी ओरडून सांगायचं. बाकीचे इंग्रजीत आकडे बोलायचे. आम्हाला ते जमेना, घाईत माझी जीभ अडकायची. मग आम्ही आमचीच भाषा केली. मोकळं वळण असेल तर "डावा, कासरा ढिला", आवळतं असेल तर "उजवा, कासरा आखूड". पुलाला "मोरी", आणि आंधळ्या चढाला "देव जाणे". एकदा मी सलग तीनदा "देव जाणे" म्हणालो तेव्हा हेल्मेटच्या आतून आवाज आला, "तुला काय म्हाईती हाय ते सांग की." आम्ही त्या दिवशी दुसरे आलो.

मग कुणा मोठ्या माणसाच्या नजरेत तो भरला आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर एकट्यानं बसायच्या, शर्यतीच्या उघड्या गाडीत त्याला बसवलं. तिथं मला जागा नव्हती. कठड्याच्या मागं उभा राहून मी बघत होतो. संपतचं सगळं बरोबर चाललं होतं, फक्त दर वळणाला तो मान वळवून मागं बघायचा. ट्रॅक्टरवाल्याची खोड ती, मागची ट्रॉली सरळ येते का नाही हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शिकवणारा साहेब डोक्याला हात लावून बसला. मागं काही नाही हे संपतला कळत होतं, मानेला पटत नव्हतं. पोरगेल्या वयाची मुलं त्याच्या पुढं निघून जायची. दुसऱ्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. परतीच्या गाडीत तो सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होता.

तो टिकला ट्रकच्या शर्यतीत. ट्रॅकवर मोठाले ट्रक धावतात, ऐकूनच लोक हसतात, पण तिथं अंगात वजनाची समज लागते, आणि ती त्याच्याकडं होती. आपल्या गाडीचा कुठला कोपरा कुठं जाणार हे त्याला वीतभराच्या हिशेबानं कळायचं. दोन ट्रकांच्या फटीतून असा निघायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मग राजस्थानच्या वाळूतल्या लांब रॅलीत आम्ही पुन्हा एकत्र बसलो, जीपमध्ये, आणि तिथं गाडी उलटून त्याची पाठ कायमची गेली. तिथं सगळं थांबलं. ना पेपरात बातमी, ना निरोपाचा हार. कळंबला आला, सहा महिने माणसात नव्हता. कुणी भेटायला गेलं की उठून आत जायचा. मलाही परत धाडलं त्यानं दोनदा.

पुढं इंदापुरात ड्रायव्हिंगचा क्लास काढला तो रेखावहिनींनी मागं लागून, त्याच्या बायकोनं. शिकायला निम्म्याहून जास्त बाया. अंगणवाडीच्या मॅडम, डाळिंबवाल्यांच्या सुना. "रेस कशी करायची ते शिकवा," असं एखादीनं गमतीनं म्हटलं तर याचा चेहरा पडायचा. तो एकच शिकवायचा, थांबायचं कसं. लेकीलाही त्यानंच शिकवलं. लायसन्स काढलं, तरी वर्षभर शेजारी बसल्याशिवाय तिला रस्त्यावर सोडलं नाही.

दहाव्यानंतर ती ऋतुजाच माझ्या दुकानात आली. एकटी, एसटीनं. मी चहा सांगितला, तो तसाच राहिला. म्हणाली, "काका, गाडी मी चालवत होते."

मला आधी अर्थच लागला नाही. मग तिनं सांगितलं. दोघं पळसदेवहून मासे घेऊन परतत होते. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, पण ही घरची गाडी होती. दिवेलागणीची वेळ. बाप म्हणाला, "घे तू, मी बसतो." ती चाळिसाच्या आतबाहेर चालवत होती, बापासारखीच. समोरून मोठा दिवा मारत एक ट्रक आला आणि गेला, आणि डोळ्यांपुढची तिरीप जाते न जाते तोच समोर उसाची बुडखी. पंक्चर झालेली ट्रॉली, अर्धी डांबरावर उभी. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, चाकाला एक दगड लावलेला. चालवणारा टायर घेऊन कुठंतरी गेलेला.

"ब्रेक मी दाबला, काका. सगळा दाबला. पप्पा बी खाली पाय दाबत होते, तिथं ब्रेक नव्हता. मी स्टिअरिंग डावीकडं घेत होते, कडेच्या चारीच्या अंगाला. ट्रॉली माझ्या अंगावर येत होती. तेवढ्यात पप्पांचा हात आला. त्यांनी स्टिअरिंग पुरं उजवीकडं ढकललं..."

गाडी उजवीकडं वळली की ट्रॉलीवर डावी बाजू जाते, संपत बसला होता ती. त्या सीटवर मी वर्षानुवर्षं बसलोय. धडक येताना दिसली की तिथं बसलेल्याचं अंग आपोआप आक्रसतं, हात तोंडावर येतात, समोरचं लांब ढकलावंसं वाटतं. माझे आलेत, मला माहीत आहे. संपतचा हात तोंडावर गेला नाही. गाडीचा कुठला कोपरा कुठं जाणार हे ज्याला वीतभराच्या हिशेबानं कळायचं, त्याला ते त्या क्षणाला कळलं नसेल, असं मला कुणी सांगायला येऊ नये. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडलो. ती पोरगी माझ्याकडं कोरड्या डोळ्यांनी बघत होती.

मग कळलं की दवाखान्यात आधी पोचले ते तात्या. पोरगी स्टिअरिंगवर होती हे दोघांना गाडीतून काढणाऱ्या ओळखीच्या माणसानं त्यांच्याच कानावर घातलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. जबाब घ्यायला पोलीस आले तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं, मुलगा चालवत होता म्हणून. नात शुद्धीवर यायच्या आत सगळं ठरून गेलं होतं. नंतर तिलाही तेच बोलायला लावलं. "लोक म्हणतात पप्पांनी येड्यासारखी गाडी मारली, पोरीला बी घेऊन चालले होते," ऋतुजा म्हणाली. "बाया घरी येऊन मला जवळ घेऊन सांगतात, नशीब तुझं, वाचलीस बापाच्या हातून. काका, मी त्यांच्या हातानंच वाचले. आणि मला मान हलवावी लागती."

त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन कळंबला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना समजलं. म्हणाले, "पोरीची जात हाय, रफीक. उद्या म्हणतील, बापाला हिनं मारलं. सोयरीक घेऊन कोण येईल का दारात? गेलेल्याचं काय, त्याला आता कोण काय बी म्हणंना." त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलेना. ज्या माणसानं पोटचा पोर जाळला आणि लगेच नातीचा विचार केला, त्याला मी काय सांगणार? आमच्याकडं असंच करतात. जिवंत बाईमाणसाच्या अंगावरचा डाग पुसायला मेलेल्या पुरुषाचं नाव वापरतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

रेखावहिनी दारात उभ्या होत्या. दहाव्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "माणूस गेला, ते एक झालं. त्यानं जाताना जे केलं ते बी तुमी काढून घेतलं, तात्या." एवढंच बोलून त्या आत गेल्या. तात्या हातातल्या टोपीकडं बघत राहिले. "आबरू..." असं काहीतरी म्हणाले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुतलेलं धोतर नेसून, नातीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आधीचा जबाब आपण खोटा दिला हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि ऋतुजानं खरं काय ते सांगितलं. पुढं काय व्हायचं ते होईल. वकील म्हणतो, तात्यांना थोडं जड जाईल. गावातही बोलणं फिरलंय. जे कालपर्यंत बापाला नावं ठेवत होते ते आता लेकीला ठेवतात, बाईनं गाडी चालवली की असंच होणार, वगैरे. एक ठरत आलेलं स्थळ मागं गेलं. तात्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हा लेख लिहू का, असं मी ऋतुजाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिवा. माझं नाव घालून लिवा."

परवा इंदापूरला गेलो होतो. क्लास बंदच आहे, पण ज्या बायांचं शिकणं अर्धवट राहिलं त्यांचा सराव ऋतुजा एका मोकळ्या पटांगणात घेते. ती स्वतः त्या दिवसापासून स्टिअरिंगवर बसलेली नाही. उजवीकडचं दारच ती उघडत नाही. बापाच्या जागी, डावीकडं बसते. मी मागच्या सीटवर बसलो. चालवायला एक चाळिशीची बाई होती, घाबरलेली, पदर खोचलेला. गाडी निघाली, आणि ऋतुजाचा उजवा हात वर आला आणि स्टिअरिंगपासून चार बोटांवर, न टेकता, तसाच राहिला. संपत शिकवताना अस्साच हात धरायचा, तासन्‌तास, त्या मोडक्या पाठीनं. मी कितीदा म्हणायचो, अरे अवघडत कसा नाहीस. पटांगणाला एक फेरी झाली, दुसरी झाली, हात खाली आला नाही. शेवटी ती बाई म्हणाली, "ताई, तेवढा हात काढा की. मला दडपण येतंय."

ऋतुजा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी चालवा."