बोटभर हनुवटी, हातभर चौकशी

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते नंबर लावून स्वतःच समोर येतात! मी भंडाऱ्यात एका सर्जन मॅडमकडे अकरा वर्षं काउंटर सांभाळतेय. मॅडम चेहऱ्याची ऑपरेशनं करतात. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडलेले रोजचेच. पण सगळ्यात जास्त किस्से जमले ते हनुवटीचे, म्हणजे हनुवटी बारीक वाटते म्हणून इम्प्लांट बसवून घ्यायला येणाऱ्यांचे. नावं बदलून सांगते. हनुवट्या मात्र खऱ्या आहेत.

*

मोहाडीचे एक किराणावाले शेठ आले. मान कुठं संपते आणि तोंड कुठं सुरू होतं ते समजत नाही, असं त्यांची बायको म्हणायची म्हणे.

मॅडमनी समजावलं, "चीर तोंडाच्या आतून देईन. तंबाखू चालू असेल तर जखम भरत नाही. पू झाला तर बसवलेलं काढावं लागतं. खर्रा खाता?"

"सोडला, मॅडम!"

"कधी सोडला?"

"आत्ताच. बाहेर, नालीपाशी!"

*

एक शिक्षिका आल्या. दहा दिवसांवर मुलीचं लग्न, त्याआधी हनुवटी करून पाहिजे.

मॅडम म्हणाल्या, "अहो, सूज उतरायला आठवडे लागतात. लग्नाच्या तोंडावर हे ऑपरेशन कोणी करत नाही. मांडवात सुजलेलं तोंड घेऊन उभ्या राहाल."

बाई उलट खूश झाल्या. "मंग तं लई चांगलं, मॅडम! बिदाईच्या टायमाले लोकाइले वाटन, माय रडून रडून सुजली!"

मॅडमनी अर्थातच नाही केलं. मी त्या लग्नाला गेले होते. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस नाही. पंगतीत भाजी पुरते की नाही, याच्याच धास्तीत होत्या.

*

पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे प्रफुल्ल. वरठीला कारखान्यात भट्टीवर काम करतो. पोरगा सरळ, पगार चांगला. तीन ठिकाणी मुली पाहून आला, तिन्हीकडून नकार. कारण कोणीच सांगितलं नाही, मग यानं आरशात पाहून स्वतःच शोधलं. आता करडी गावचं चौथं स्थळ आलं होतं.

"हे बी गेलं तं आता मी कोनाच्या घरी पोहे खाले जात नाही," तो मला म्हणाला. ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

मॅडमनी विचारलं, "हनुवटीमुळे नकार आला, असं कोण म्हणालं?"

"कोनी नाही. पन दुसरं काय असन?"

एक्स-रे काढला, दात नीट जुळतात का तेही पाहिलं. मग मॅडमनी सगळं सांगितलं. खालचा ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित जास्तही. इम्प्लांट सरकू शकतं. दुसऱ्यांदा ऑपरेशन लागू शकतं. पोरगा मान डोलवत ऐकत होता.

"काही विचारायचंय?"

"मॅडम, मी भट्टीपाशी काम करतो. थे पिघलून तं नाही ना जाईन?"

"अरे, भट्टीपाशी तू पिघळलास का?"

"नाही."

"मग तेही नाही पिघळणार!"

*

पुढच्या खेपेला तो आईला घेऊन आला. मॅडम कॉम्प्युटरवर बाजूनं काढलेल्या फोटोत नवी हनुवटी लावून दाखवतात. हा फक्त अंदाज आहे, असंच होईल असं नाही, हेही तीनदा बजावतात.

आईनं चष्मा लावला आणि छातीवर हात ठेवला. "अगा माय! हा तं याचा मोठा काका दिसून राहिला!"

मी आपलं सावरायला म्हटलं, "चांगलंच की काकू! घरातलाच चेहरा."

"कायचं चांगलं? धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, हद्दीच्या भांडनानं, सात वर्सं झाले, त्याच्यासंग बोलनं बंद हाये आमचं!"

मॅडमनी हसू गिळलं आणि प्रफुल्लला सांगितलं, "महिनाभर थांब. करडीला जाऊन ये. आणि ऑपरेशनचं त्या मुलीला आधी सांग. लपवून करू नको." प्रफुल्लचा चेहरा असा पडला, की जणू भूल न देताच चीर दिली.

*

महिना व्हायच्या आतच तो परत आला. शर्टाला इस्त्री, डोळे भिरभिरलेले. मीही काउंटर सोडून आत गेले.

"काय झालं करडीला?" मॅडमनी विचारलं.

"आमाले दोघाइले बोलाले घरामांगच्या सपरीत पाठवलं. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. म्हटलं, माही हनुवटी बारीक हाये, मी ऑपरेशन करून राहिलो. पसंत नसन तं आत्ताच सांगून द्या."

"मग?"

"तं थे पोरगी म्हने, 'मले काय मालूम? तुमी सारे मलेच पाहून राहिले होते. मी मान खाली घालून बसली होती. मी कुठं पाह्यलं तुमाले? थांबा, आता पाहते.'"

"अरे वा! आणि?"

"पाह्यलं ना! मॅडम, तुमी बत्ती लावून बी एवढा वेळ नव्हतं पाह्यलं! मले तं घाम फुटला."

"अरे, पण म्हणाली काय?" आता मला राहवेना.

"हनुवटीचं काहीच नाही बोलली. इचारलं, तुमची रातपाळी महिन्यातून किती दिवस असते? अन् डब्बा घरून नेता का तिथंच जेवता?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला पदर लावला.

प्रफुल्ल खुर्ची पुढे ओढून अगदी काकुळतीला आला. "आता तुमीच सांगा, मॅडम. म्हनजे हनुवटी चालते का नाही चालत?"