बर्फावरची माणसं आणि आमची कुत्री

लेक चौथीत असताना कट्टा गावच्या बाजारात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून मी तिच्यासाठी मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांचा एक संच आणला. अनोळखी मुलुख शोधायला निघालेल्या माणसांच्या त्या गोष्टी होत्या. नवरा बोटीवर नोकरीला. तारकर्लीच्या घरात आम्ही तिघीच: मी, सासूबाई आणि लेक. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून झाला की लेक खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसून मोठ्याने वाचायची. सासूबाई दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांना अक्षरं लागायची, पण चष्मा लावूनही बारीक छापलेलं दिसत नसे.

दुसरं पुस्तक बर्फाच्या मुलखाचं होतं. माणसं कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाली होती. लेकीने त्या कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ केली. आमची तपकिरी कुत्री तिच्या पायाशी झोपलेली असायची, तिलाही ती त्यातल्या एका नावाने हाक मारू लागली. मग एका संध्याकाळी गोष्टीतला शिधा संपला आणि त्या माणसांनी एकेक करून कुत्री मारून खाल्ली.

लेकीने पुस्तक मिटलं. "माका नाय वाचूचां. वायट आसत ती माणसां."

मी समजावलं, पण ती ऐकेना. पुस्तक तिने कपाटावर टाकलं आणि कुत्रीला घेऊन पडवीत जाऊन बसली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी लेक शाळेत असताना सासूबाई म्हणाल्या, "गो, तां पुस्तक काढ. ती माणसां घराक इली काय?"

"मी पुढचं वाचलेलं नाही."

"मगे वाच."

मी वाचू लागले. पानं बरीच राहिली होती, त्यामुळे आम्ही रोज दुपारी थोडं थोडं वाचत होतो. शनिवारी लेकीची शाळा सकाळची. ती कधी आली आणि दाराशी उभी राहिली, ते कळलंच नाही.

"आजये, तू तेंची बाजू घेतंस?" तिने रागाने विचारलं.

सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. "तुझो आजो बोटीर होतो तेव्हा एकदा वादळात बोट खंय गेली कोणाक ठावक नव्हतां. पत्र नाय, तार नाय. तुझो बापूस तेव्हा माझ्या मांडयेर होतो. तो जितो येवंदे, इतक्यांच मी म्हणी होतंय. तो काय खावन जगलो, तां मी इचारलां नसतां."

"मगे आजो इलो?"

"इलो. सुकान पार काटकी झाललो."

लेक तिथेच बसून राहिली. मी उरलेली पानं वाचून काढली. काही माणसं परतली, काही नाही. न परतलेल्यांपैकी एकाची आई बंदरावर येऊन उभी होती, असं त्यात होतं. तिथे सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. सासऱ्यांच्या बोटीचं हे सगळं मी लग्न होऊन आल्यापासून कधीच ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं, बहुतेक त्यालाही पुरतं माहीत नसावं.

रविवारी त्याचा फोन आला. लेकीने माझ्या हातातून तो ओढूनच घेतला.

"बाबा, तुका बोटीर जेवूक गावता मां?"

तो हसला. "गावता गो. काल कोंबडी होती. पण आजयेच्या हातची चव खंय?"

"आणि बोट बंद पडली तर? शिधो किती आसा?"

आता तो हसायचा थांबला. मग त्याने सावकाश सगळं सांगितलं: शीतगृह कसं असतं, पिठाच्या गोण्या कुठे ठेवतात, अडचण आली तर मदत कशी मागवतात. लेक मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. सासूबाई आपलं काम सोडून फोनजवळ सरकल्या होत्या.

"तू काय वाचतंस सध्या?" त्याने शेवटी विचारलं.

लेकीने पुस्तकाचं नाव सांगितलं आणि ती म्हणाली, "तू घराक इलंस की तुका वाचून दाखवतंय. कुत्र्यांचां पान सोडून."