रुखवतातले बगळे

साजगावचा कारखाना बंद पडला, ह्यांना बडोद्याला नोकरी लागली, आणि आमचं सामान भरलेला टेंपो शिळफाट्यावर उभा राहिला. माहेरून, दहिवलीहून, माझा भाऊ आणि वहिनी निरोप द्यायला आले. आईच्या हातचं मण्यांचं तोरण तेवढं मी मागितलं होतं. वहिनी रिकाम्या हाताने आली. "तुला कशाला गं ते? तुझा हात भाव पाडायला बरा, मण्यांना नाय," असं सगळ्यांसमोर म्हणाली. भाऊ टेंपोचे दोर ओढून बघत राहिला. मी बडोद्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी गोष्ट आहे.

तिकडे मी साड्यांचा धंदा उभा केला. दलालांशी भांडता भांडता गुजराती शिकले. घसा बसवून घरी यावं, तर शेजारच्या रमीलाबेन ओट्यावर शांतपणे मणी ओवत बसलेल्या. एकदा त्यांच्या पिवळ्या मण्यांवर ऊन पडलेलं पाहिलं आणि तिथेच बसले. बारके काचेचे मणी, सुई, दोरा, एवढंच भांडवल. माझी पहिली पट्टी भाजलेल्या पापडासारखी आकसली, कारण दोरासुद्धा मी रागाने ओढत होते. "दमानं गं, दमानं," असं आई जन्मभर सांगत होती. ते शेवटी सुईने शिकवलं. मणी घासाघीस करत नाहीत. एक चुकला की ओळ उसवायची.

छंद कसला, आधी तो सूडच होता. पुढे केव्हातरी वहिनीचा विसर पडला आणि हात नुसते आनंदाने चालू लागले.

वहिनीच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं तेव्हा मी रुखवतासाठी तोरण केलं. रमीलाबेनच्या तोरणांत मोर असतात. माझ्या तोरणात आपली हिरवी भातखाचरं आणि त्यांत पांढरे बगळे.

आमच्याकडे रुखवतापुढे विहीणबाई जे विचारतील त्याचं उत्तर नवरीच्या आईनेच द्यायचं. मध्ये दुसऱ्या कुणी तोंड घातलं तर त्या आईचा मान जातो. विहीणबाई तोरणापाशी थांबल्या. "हे कुणाच्या हातचं ओ?"

वहिनी 'माझ्या' म्हणाली असती तर मांडवात कुणी अडवलं नसतं. मी सोडून. भांडणाचं पहिलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

वहिनीने पदर सारखा केला. "माझ्या नणंदेच्या. आमच्या घरात असं दुसऱ्या कुणालाच जमत नाय."

ते भांडणाचं वाक्य मला गिळावं लागलं, आणि काय गोड लागलं म्हणून सांगू. विहीणबाईंनी लगेच तसंच दुसरं मागितलं, काय घ्याल म्हणून विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगितला नाही. विकायचं नाही म्हटलं, शिकायचं असेल तर बसा. त्या हसून पुढे गेल्या. वऱ्हाड गेल्यावर बसली ती वहिनी. पहिली ओळ मी तिला दोनदा उसवायला लावली. एकदा चूक होती म्हणून. दुसऱ्यांदा माझी हौस.

आता ती व्हॉट्सॲपवर ओळींचे फोटो पाठवते, मी व्हॉइस मेसेजवर ओरडते, ती तिकडून उलट ओरडते. पूर्वी कुणी घर कुठलं विचारलं की दहिवली म्हणताना माझा आवाज बसायचा. आता बडोदा आणि दहिवली, दोन्ही नावं ठणकावून सांगते. एका घरात माझा धंदा आहे, दुसऱ्यात माझी विद्यार्थिनी, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द माझा.