आत्याच्या बटव्यातलं कार्ड

मंडळी, आज अड्याळच्या माझ्या आत्याले घेऊन बँकेत गेलो होतो. तिच्या कार्डावरून कोणीतरी पैसे उडवले.

आधी चोर एटीएममध्ये कार्डाची नक्कल करायचे. चिपवालं कार्ड आल्यावर ते जमेना, म्हणून आता सरळ फोन करतात. "मावशी, तुमचं कार्ड बंद होऊन राहिलं," असं गोड बोलून एकानं तिच्याकडून कार्डावरचे आकडे अन् ओटीपी काढून घेतला.

बँकेतले साहेब तिच्यावरच खेकसले, "काहून सांगितलं?" माझं डोकंच फिरलं.

आत्यानं मात्र कमरेचा बटवा सोडला. "हे पाहा साहेब, कार्ड तं माझ्यापाशीच आहे. मंग चोरी कशी झाली?"

निघताना तिनं कार्ड परत बटव्यात ठेवलं अन् गाठ आणखी घट्ट मारली.

ती गाठ आता कामाची नाही, हे तिले कोणत्या तोंडानं सांगू?