दहाव्या पायरीच्या खाली

लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी दर बुधवारी ध्यान घेते. नांदेडहून पहाटेची बस धरते. मुलींचे सकाळचे क्लास सुटले की जेवणाआधीचा अर्धा तास माझा. मेसमधली टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी मला रोज मोठ्याने धडा वाचायला लावायचे. आज ज्या आवाजावर माझं पोट चालतं, तो त्यांनीच घडवला.

ध्यानात मी मुलींना बारवेत उतरवते. मुदखेडजवळच्या माझ्या गावची ती दगडी पायऱ्यांची विहीर. आजोबांना त्या पायऱ्यांवर पाय ठेवायची मुभा नव्हती. मी मात्र तिथे रोज खेळले, म्हणून मला तीच जागा सुचली. डोळे मिटायचे, माझ्या मोजण्याबरोबर दहा पायऱ्या उतरायच्या, गार दगडावर शांत बसायचं. मग उलट मोजत वर यायचं, तळहात जमिनीला टेकवायचे आणि डोळे उघडायचे. मला हे शिकवणाऱ्या बाई बजावून सांगायच्या, "खाली नेलंस ना, मग वर आणल्याशिवाय उठायचं नाही."

परीक्षेच्या दिवसांत मुलींसाठी मी हेच मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवलं. मध्येच फोन आला होता, तरी मी बोलत राहिले. नंतर ऐकून पाहिलं नाही.

पुढच्या बुधवारी गेले, तर दारातच मुली हसत होत्या.

"मॅडम, तुमच्या आवाजानं आम्हाला नुसती झोप येते. मावशींना रेकॉर्डिंग पाठवलं, तर त्या समाधीच घेतात!"

"काल तवा पेटायचा बाकी होता. आम्ही ओरडून राहिलो, मावशी, पोळी जळून राहिली! यांना पत्ताच नाही."

मावशी म्हणजे मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या, उदगीरकडच्या. पन्नाशीच्या असतील. ध्यानाला त्या हात पुसत मागच्या भिंतीशी बसायच्या. मी स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या परातीजवळ बसून त्या कानात इअरफोन घालून ऐकत होत्या. डोळे मिटलेले.

मी एक इअरफोन काढून कानाला लावला. माझाच आवाज होता. आठ. नऊ. दहा. त्यापुढे काहीच नाही. फोन आला तिथेच रेकॉर्डिंग थांबलं होतं.

"मावशी, मी तुम्हाला वर आणलंच नाही हो," मी म्हणाले.

"हाव, म्याडम," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "म्हणून मी खालीच जाऊन राहिले. रोज एक पायरी. बाराव्या पायरीचा दगड निखळलाय, तिथं भिंत धरून उतरावं लागतंय."

बारवेच्या दहाव्या पायरीखाली कायम पाणी असायचं. पाणी आटलं त्या एकाच उन्हाळ्यात मी खालच्या पायऱ्या पाहिल्या होत्या. बारावीचा दगड निखळलेला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मावशींनी आमचं गाव कधी पाहिलं नव्हतं.

"आज कितवी?"

"सोळावी. तळाला आले. धाकटी हितंच बसलीय."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. मागे एकदा भाजी निवडताना त्यांनी सांगितलं होतं. सहा वर्षांची पोर पाणी शेंदताना विहिरीत गेली. मावशींच्या हातातून तिचा हात सुटला होता.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बाहेर ताटं वाजत होती. मी उलट मोजायला लागले. सोळा. पंधरा. मावशींचा श्वास खरोखर जिना चढल्यासारखा जड झाला. तीनवर त्या थांबल्या.

"म्याडम, हिला आणू का वर?"

हे कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

"नको, मावशी. तिचा हात सोडा."

"मी न्हाई धरला," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं धरलाय."

मी मोजणं थांबवलं. त्यांना ओढून आणायची हिंमत नव्हती आणि तिथे सोडून उठता येत नव्हतं. मी म्हणाले, "घाई नाही. बसा पायरीवर. मीही थांबते."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारातून एक मुलगी ओरडली, "मावशी, भूक लागली ना!" मावशींनी दोन्ही तळहात जमिनीला टेकवले आणि डोळे उघडले. "आगं बाई, वरणाला फोडणी न्हाई दिली," म्हणत त्या उठल्या.

ते रेकॉर्डिंग मी सगळ्यांकडून पुसून घेतलं. नवीन केलं ते शेवटपर्यंत दोनदा ऐकलं. मावशींच्या पोळ्या आता जळत नाहीत. डबा न देता त्या मला बसला जाऊ देत नाहीत.

अजूनही मावशी दर बुधवारी मागच्या भिंतीशी येऊन बसतात. मी उलट मोजत वर येते आणि तीनवर थोडी थांबते. मुलींना वाटतं, मी दम घेते. सगळ्यात शेवटी मावशींचे डोळे उघडतात. उठण्याआधी त्या सतरंजीवर जराशा सरकतात, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारख्या.