फुगडीला रिमोट चालत नाही

एसटी सुटायची वेळ झाली तरी आईने माझा हात सोडला नव्हता. मी आत खिडकीपाशी, ती खाली फाट्यावर, आणि खिडकीच्या गजांमधून तिने माझं मनगट धरलेलं. माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. शेजारी संदीप बसला होता आणि नव्या जावयाने अशा वेळी कुठे बघायचं असतं हे न कळून समोरच्या सीटकडे बघत होता. कंडक्टरने डबल बेल दिली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पंचमीला येत जा गं नंदे." बस हलली, ती थोडी बरोबर चालली आणि मग हात सुटला.

तुमच्यापैकी ज्या गावातच राहिल्या आणि ज्या माझ्यासारख्या पुण्याला, मुंबईला, आणखी कुठे गेल्या, त्या सगळ्यांना पंचमी म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या सातारच्या बाजूला लेकी दिवाळीला आल्या नाहीत तर चालतं, पंचमीला आल्या नाहीत तर आईचं तोंड उतरतं. वारुळाची पूजा झाली की देवळापुढच्या पटांगणात बायकांचे फेर सुरू व्हायचे, झिम्मा, मग फुगड्या. आईची फुगडी बघायला पोरी काम टाकून यायच्या. मला मात्र लहानपणी तिची भीती वाटायची. पायाशी पाय जुळवून, हाताची कैची घालून ती मला म्हणायची, "मागं रेल. पुरती रेल. मी धरलंय न्हवं?" मी अंग चोरायचे आणि फुगडी फिरायचीच नाही. आपलं वजन समोरचीच्या हातात टाकल्याशिवाय ती फिरत नाही, हे समजायला मला दोन-तीन पंचम्या लागल्या.

नवी मुंबई मला पहिल्यापासून आवडली. शहरात गेलेल्या लेकीने थोडं तरी रडगाणं गावं अशी आपल्याकडे अपेक्षा असते, पण मला ते जमत नाही. सीवूड्सला आमचा फ्लॅट, जवळच स्टेशन, बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी, नळाला पाणी आणि मी किती वाजता घरी आले हे मोजणारं कुणी नाही. मी इथे खुशीत रुजले. पंचमी कधी सोमवारी यायची, कधी बुधवारी. रजा मिळाली त्या वर्षी गेले, नाही मिळाली त्या वर्षी ऑफिसच्या डब्यात पुरणाची दिंडं नेली आणि सगळ्यांना वाटली.

माझे वडील, अण्णा, गेले आणि आई गावात एकटी राहिली. ती इथे यायची, आठवडाभर राहायची आणि निघायची. निघताना स्वतःची एकूण एक वस्तू पिशवीत भरायची, मिसरीची डबीसुद्धा. ती गेली की ती आली होती याची खूणही घरात सापडायची नाही. मी राहा म्हटलं की तिचा सवाल ठरलेला, "तुम्ही सकाळी कुलूप लावून जाणार. दिसभर मी कुणाच्यात बसायचं?" मग गेल्या वर्षी ती परड्यात चक्कर येऊन पडली आणि शेजारच्या काकूंना कळेपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईने इथे, माझ्यापाशी राहावं.

त्याच सुमाराला आमच्याकडे गेम आला. वरच्या मजल्यावरचं कुटुंब बंगळूरला शिफ्ट झालं आणि जाताना तो डबा आमच्या लेकीला, ओवीला, देऊन गेलं. टीव्हीला जोडायचा, हातात पांढरा रिमोट धरायचा, त्याची दोरी मनगटात अडकवायची आणि हात फिरवायचा. तुम्ही हात फिरवला की टीव्हीतली बाहुली बॉल टाकते, रॅकेट मारते, ठोसे देते. मी आधी नाक मुरडलं होतं. पहिल्याच रविवारी बॉलिंगमध्ये नवऱ्याला हरवलं आणि नाक जागेवर आलं.

खरंच सांगते, त्या डब्यात जादू होती. नियम समजून घ्यायचे नाहीत, बटणं पाठ करायची नाहीत. ज्याला हात आहे तो खेळाडू. संदीपने टेनिसच्या जोशात ट्यूबलाइट फोडली आणि त्या आनंदात पुन्हा सर्व्हिस केली. शेजारच्या भारतीताई तर भांडायलाच आल्या होत्या. त्या इथल्याच, करावे गावातल्या कोळ्यांची लेक, हॉस्पिटलात नर्स. कित्येक वर्षं आमचं नातं लिफ्टमधल्या हसण्यापुरतं होतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो, रोज ही धपधप कसली चालली हाय?" मी त्यांच्या हातात रिमोट दिला. जेवायची वेळ झाली तरी त्या घरी गेल्या नाहीत. दर रविवारी आमच्या हॉलमध्ये निम्मा मजला जमायला लागला, आणि माझ्या डोक्यात आलं की आईला कुणाच्यात बसायचं याचं उत्तर सापडलं.

पंचमीच्या आधी मी तिला इथे आणलं. लेकीने माहेरी जायचं तर माहेरच लेकीकडे आलं. आल्या संध्याकाळीच तिच्या मनगटात दोरी अडकवून तिला उभं केलं. आईने पदर खोचला, मागे जाऊन धाव घेतली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून बॉल टाकला. तो गेला कडेच्या गटारात. मग ओवीने सोफ्यावर मांडी घालून, चिप्स खात, नुसतं मनगट झटकलं. सगळ्या बाटल्या आडव्या.

"ही तर बसूनच जितली की!" आई म्हणाली.

"अगं आजी, एवढंच हलवायचं असतं."

"मग मी एवढी उठाठेव कशापायी केली?" तिने दोरी काढून ठेवली आणि हरभरे निवडायला बसली. मला राग आला. गेमचा नाही, आईचा. एवढा घाट घातला तर थोडं मन रमवून घ्यायला काय हरकत होती?

पंचमीला मी हाफ डे टाकला. इथे वारूळ कुठून आणणार? पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या वाहिल्या, आईने दिंडं उकडायला ठेवली. संध्याकाळी भारतीताई आल्या आणि ओवीने तिचा लाडका खेळ लावला. हातात तलवार असते, समोर फळं उडतात आणि ती सपासप कापायची. आई स्वयंपाकघरातून जी आली ती टीव्हीपुढे आडवीच झाली.

"बंद कर ते! आज पंचमी हाय. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई."

ओवी हसायला लागली. "आजी, खोटी फळं आहेत ती."

"फळं खोटी असतील. तू हात तर खराच उगारतीस न्हवं?"

ज्या मशीनला फक्त हात कळतो त्या मशीनपुढे आईचं म्हणणं खरंच होतं. सकाळपासून घरात सुरी लागू नये म्हणून मी स्वतः आदल्या दिवशी भाजी चिरून ठेवली होती. गुपचूप खेळ बदलला. संदीपने नाचाचा लावला. टीव्हीतली बाहुली नाचते आणि आपण तिच्यासारखं करायचं. आई बऱ्या मनाने उभी राहिली. बाहुलीने हात पसरले, आईने पसरले. बाहुलीने गिरकी घेतली, आईने घेतली. मार्कही बरे पडत होते. मग ती मध्येच थांबली, आपल्या रिकाम्या हाताकडे आणि रिमोटच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यात धरायचं कुणाला?"

भारतीताईंनी मनगटातली दोरी काढली आणि दोन्ही हात पुढे केले. "मना धरा, आई. आमी गौरीला खेळतो ना."

टीपॉय सरकवला, सतरंजी गुंडाळली. भारतीताई अंगाने भरलेल्या, आई काडी, तरी गाडी चालली. हसून हसून दोघींना धाप लागली. मग मी उभी राहिले. आईच्या बोटांची कैची माझ्या बोटांत बसली आणि मला कळलं की ती अंग चोरतेय. परड्यात पडल्यापासूनची भीती तिच्या खांद्यांत होती. माझी आई, जिची फुगडी बघायला पोरी काम टाकून यायच्या! मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"आई, मागं रेल," मी म्हटलं. "पुरती रेल. मी धरलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूच रेलली. तिचं सगळं वजन माझ्या हातांत आलं आणि फुगडी फिरली, हळू, सावकाश, पण फिरली. टीव्हीतली बाहुली हात पसरून आमची वाट बघत उभी होती.

तो डबा मी फेकून दिलेला नाही. तो होता म्हणून भारतीताई घरात आल्या, त्याचं श्रेय मी त्याला देते. अनोळखी माणसांना एका हॉलमध्ये हसत उभं करायचं काम तो फर्स्ट क्लास करतो. त्यापुढे त्याला येत नाही. ज्या गावात राहिल्या त्या मला विचारतात, आता तुझं घर कुठलं? मी सांगते, जिथे मला कुणाच्या तरी हातांत निर्धास्त रेलता येतं आणि कुणी माझ्या हातांत रेलतं, ते. पूर्वी ते देवळापुढचं पटांगण होतं. आता आमच्या हॉलमध्येही टीपॉय सरकवला की तेवढी जागा होते.

आई राहिली नाही. आठवडा झाल्यावर निघाली. मी एसटीत बसवून दिलं, आणि या खेपेला खिडकीच्या गजांतून हात मी धरला होता. घरी येऊन चहा टाकायला गेले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची मिसरीची डबी. लगेच फोन लावला.

"आई, डबी राहिली गं तुझी."

"राहिली न्हाई," ती म्हणाली. "ठेवलीया."