टिंचरची बाटली आणि दुसऱ्याचे गिऱ्हाईक

गोंडपिपरीच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही दोघे अर्जनवीस बसत असू. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि माझ्या मसुद्यावर कारकुनाने हरकत घेतल्याचे उदाहरण नव्हते. माझ्या शेजाऱ्याचा एकही अर्ज खाडाखोडीवाचून पुरा होत नसे. परंतु त्याच्यापाशी ट्रान्झिस्टर होता, आणि केवळ तेवढ्यासाठी माणसे त्याच्या सतरंजीकडे वळत. व्हरांड्याचा दंडक असा की, जो ज्याच्या सतरंजीवर प्रथम बसला, तो त्याचे गिऱ्हाईक. त्याच्या कामात दुसऱ्याने तोंड घालावयाचे नाही.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात रशियात अणुभट्टी फुटल्याची बातमी आली आणि त्या ट्रान्झिस्टरभोवती दाटी झाली. माझ्यापुढे एक कुत्रे तेवढे झोपले होते.

"तिकडं लेकरायले आयोडीन देऊन राह्यले," जणू ती भट्टी आपणच विझवून आलो, अशा थाटात तो सांगत होता. "हवेतलं खराब आयोडीन गळ्यातल्या गाठीत बसते. चांगलं आधीच भरलं, त त्याले जागाच नाई."

त्याने हे बरोबर सांगितले, याचेच मला अधिक दुःख झाले.

राशनकार्डावर मुलाचे नाव चढवण्यासाठी त्याच्याकडे आलेल्या एका बाईने कडेवरचे तान्हे सावरत विचारले, "आपल्या इथी कुठी भेटते जी ते?"

"जखमेवर लावतेत ते टिंचर आयोडीनच त हाय."

ती उठून दुकानात गेली आणि बाटली घेऊन परतली. "भाऊ, दुधात किती थेंब टाकू?" तिने त्याला विचारले.

एवढ्या विश्वासाने मला कोणी काही विचारल्याचे स्मरत नाही. मी मान वळवली, तो बाटलीचे लेबल नेमके माझ्या बाजूला होते. त्यावर लाल अक्षरांत 'विष' छापलेले होते. दंडक बाजूला ठेवून मी उठलो आणि बाटली तिच्या हातून काढून घेतली.

"बाई, हे पाजाचं नाई. इथी विष लिवलं हाय."

"काऊन भाऊ," शेजारी कडाडला, "सकाळपासून बोहणी नाई झाली, म्हणून माह्यं गिऱ्हाईक फोडून राह्यले काय?"

"गिऱ्हाईक तुमालेच मुबारक. लेकरू त वाचू द्या!"

मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बाटली ठेवून घेतली. ते म्हणाले, "टिंचरनं याचं तोंड, घसा, पोट भाजलं असतं. त्या गोळ्या वेगळ्या असतात. किरणोत्सारी आयोडीन आपल्यापर्यंत येण्याचा धोका असेल, तेव्हाच सरकार सांगतं आणि वयाप्रमाणे देतात. रशिया कुठे, आपण कुठे! लेकराला काहीही देऊ नका."

परतताना बाई वाटभर माझे उपकार मानत होती. मी सतरंजी झटकून तिच्यासाठी जागा केली. ती मात्र पुढे जाऊन त्याच्यापुढे बसली.

"इकडे या ना बाई."

"कशी येऊ जी? माह्यावाला अर्ज त्याइच्यापाशी हाय ना."

डॉक्टर काय म्हणाले, हे शेजाऱ्याने तिच्याकडून खालच्या आवाजात काढून घेतले. मग ट्रान्झिस्टर बंद करून तो जमलेल्यांना म्हणाला, "आयका रे, टिंचर कोणीच पाजाचं नाई! गोळी वेगळी रायते, अन् तेही सरकारनं सांगितलं तरच."

"भाऊले सगळंच ठावं असते," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. त्या बाईनेही मान डोलावली.